किल्ला आयता नको, किल्ल्याची पिशवी द्या

या महिन्याचा पाठ : लेकरासाठी हातानं करायची भेट



दसरा-दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचे अर्ज वाढतात. किराणा, कपडे, तेलाचा डबा, माहेरी जायचा खर्च. या यादीत लेकराचं खेळणं सगळ्यात शेवटी असतं. मग धनतेरसेला घाईघाईत बाजारात जायचं आणि शंभर-दीडशेचं प्लास्टिकचं काहीतरी उचलून आणायचं. भाऊबीजेपर्यंत त्याचं चाक निघालेलं असतं. पैसे गेले ते गेले, लेकरू पुन्हा मोकळंच.

या महिन्यात आपण एक भेट तयार करायला शिकू. तिला आपण किल्ल्याची पिशवी म्हणू. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्या-साताऱ्याकडं ती गल्लोगल्ली दिसते. आपल्या मराठवाड्यात काही घरांत असते, काही घरांत नसते. किल्ला करायला जे जे लागतं ते एका कापडी पिशवीत नीट भरून लेकराच्या हातात द्यायचं. किल्ला मात्र आपण करून द्यायचा नाही. तो लेकरानंच करायचा. सगळ्या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आयता किल्ला का नको

बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. दिसायला छान असतात. आणला, ओट्यावर ठेवला, मावळे मांडले, दहा मिनिटांत खेळ संपला. उरलेली दिवाळी लेकरू त्याच्याकडं नुसतं बघतं.

तेच लेकरू स्वतः किल्ला करायला बसलं की माती घसरते. बुरूज कलतो. पाणी जास्त झालं तर चिखल होतो, कमी झालं तर भेगा पडतात. मग ते आजीला विचारतं, शेजारच्या पोराला हाक मारतं, पडलेलं पुन्हा उभं करतं. खेळ तो हाच, आणि शिकणंही हेच.

पोरीला भाकरी शिकवताना आपण काय करतो? पीठ चाळून देतो, पाणी कोमट करून देतो, पण थापायला तिलाच लावतो. पहिली भाकरी नकाशासारखी होते, तरी आपण ती तिच्या हातातून घेत नाही. इथंही तसंच करायचं. माती चाळून देणं, काटेकुटे काढणं, धोक्याची वस्तू बाजूला करणं ही कामं आपली. कुठं काय बांधायचं हे ठरवणं लेकराचं.

देवगिरीकडून शिकू

किल्ला म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकात शोधायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरहून साधारण १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. त्यालाच दौलताबाद म्हणतात. वेरूळला जाताना बसच्या खिडकीतून तो डोंगर आपण कितीदा पाहिला असेल. यादव राजा पाचवा भिल्लम यानं १२ व्या शतकात इथं राजधानी केली. डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे आणि त्याच्या कडा तासून गुळगुळीत केल्या आहेत, म्हणजे चढायला हाताला आधार मिळू नये. भोवती खडकात कोरलेला खंदक. आत शिरायला 'अंधारी' नावाचा काळोखा, वळणावळणाचा बोगदा. दारांवर लोखंडी खिळे, म्हणजे हत्तीनं डोकं लावून दार फोडू नये.

इतका भक्कम किल्ला, पण १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवराय यादवांना शरण जावं लागलं. याची एक गोष्ट सांगतात. वेढा पडला तेव्हा घाईनं गडावर पोती चढवली होती. दाणागोटा आहे म्हणून सगळे निश्चिंत होते. पोती उघडली तर आत मीठ! तट भक्कम असून पोटाला धान्य नाही म्हटल्यावर गड किती दिवस लढणार?

ताईंनो, ही गोष्ट लेकरांना जरूर सांगा. आणि गटात आपल्यालाही ती लागू पडते. माल घेताना पोतं उघडून बघायचं, मोजून घ्यायचं, मगच सही करायची.

किल्ला म्हणजे नुसत्या भिंती नाहीत, हे यातून लेकराला कळतं. गडावर पाणी लागतं, धान्याचं कोठार लागतं, माणसं लागतात. म्हणून आपल्या पिशवीत पाच प्रश्नांच्या चिठ्ठ्या घालायच्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहा:

१. तुझ्या गडावर पाणी कुठं साठणार?
२. दरवाजा शत्रूला लांबून दिसतो का? दिसत असेल तर तो कसा लपवशील?
३. धान्य कुठं ठेवशील? पावसात ते भिजणार नाही ना?
४. सगळ्यात उंच जागी कोण राहील आणि तिथून त्याला काय दिसेल?
५. गडावर बायका काय काय काम करतात?

दुसऱ्या प्रश्नासाठी एक माहिती आपल्याला असू द्या. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बांधलाय की समोरून जाणाऱ्याला तो चटकन दिसत नाही. या रचनेला गोमुखी म्हणतात. लेकरू अडलं तर एवढंच सांगा आणि गप्प बसा. पुढचं त्याला सुचू द्या.

पिशवीत काय घालायचं

एका पिशवीचं सामान:

- जुन्या साडीची किंवा परकराच्या कापडाची शिवलेली पिशवी, तोंडाला नाडी
- अर्धा बारदाना (धान्याचं तागाचं जुनं पोतं), धुऊन कडक उन्हात वाळवलेला
- शाडू माती १ किलो
- गेरू १०० ग्रॅम आणि पांढरी रांगोळी २०० ग्रॅम, वेगवेगळ्या पुड्यांत
- अळीव २५ ग्रॅम आणि मोहरी २५ ग्रॅम, गवत उगवायला
- सुतळीची लहान गुंडी
- भगवा कागद आणि झेंड्यासाठी खराट्याच्या चार काड्या, टोकं घासून बोथट केलेल्या
- दरवाजासाठी जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे
- आपण केलेले पाच मावळे
- पाच प्रश्नांच्या चिठ्ठ्या

अंगणातली माती, दगड, विटांचे तुकडे पिशवीत घालायचे नाहीत. ते लेकरानं गोळा करायचे. तयार किल्ल्याचं चित्रही घालू नका. चित्र दिसलं की लेकरू तसंच्या तसं करायला बघतं आणि जमलं नाही की हिरमुसतं.

गुलमंडीत काय घ्यायचं, काय नाही

स्वतःच्या लेकरासाठी एकच पिशवी करायची असेल तर शहरात जायचं कारण नाही. गेरू, अळीव गावच्या किराणा दुकानात मिळतं. शाडू नसेल तर गावच्या कुंभाराकडून मळलेली माती आणा. गट मिळून दहा-वीस पिशव्या करणार असाल तर मात्र गुलमंडीची एक फेरी परवडते. महिलांना एस.टी.चं तिकीट अर्धं आहे, त्याचा फायदा घ्या. दोघींनीच जा, पूर्ण गट नको. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून गुलमंडी जवळ आहे. सकाळी दुकानं उघडता उघडता पोचलात तर दुकानदार दोन शब्द नीट बोलतो. संध्याकाळच्या गर्दीत भाव विचारायलाही फुरसत मिळत नाही.

गुलमंडी, औरंगपुरा, कुंभारवाडा, रंगारगल्ली, मछली खडक या सगळ्या एकमेकींना लागून असलेल्या गल्ल्या आहेत. सुपारी हनुमान मंदिराची खूण धरून ठेवा, चुकामूक झाली तर तिथं भेटायचं. आधी तीन दुकानांत भाव विचारायचा, मग घ्यायचं. पक्की पावती मागायची, कारण गटाच्या पैशाचा हिशोब पावतीशिवाय लागत नाही.

लेकरू सोबत असेल तर त्याला पैठण गेट दाखवा. गुलमंडीपासून टिळक पथानं सरळ गेलं की येतो. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली तेव्हापासून हे शहर वाढत गेलं, पुढं त्याभोवती तट आला आणि तटाला दरवाजे. आज तट फारसा उरला नाही, दरवाजे बरेच उभे आहेत. कमान किती जाड आहे, वर काय आहे, आत माणूस कुठं उभा राहत असेल, हे लेकरानं एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्याच्या किल्ल्याचा दरवाजा वेगळाच होतो.

चकाकी, थर्माकोल, प्लास्टिकचे सैनिक हे घ्यायचं नाही. पावसात ते नाल्यात जातं आणि गुरांच्या पोटातही.

कृती

पहिलं काम : मावळे. पोळ्याला ज्यांनी मातीचे बैल केलेत त्यांना हे शिकवायला नको. शाडू कणकेसारखी मळा, ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा. चार बोटं उंचीचा मावळा पुरे. पायाकडचा भाग रुंद ठेवा, म्हणजे तो उभा राहतो. हात अंगाला चिकटलेले ठेवा, बाहेर काढलेला हात वाळताना मोडतो. सावलीत तीन-चार दिवस वाळवा. उन्हात ठेवले तर तडकतात. रंगाला गेरू, हळद आणि कोळशाची पूड. रंग डिंकाच्या पाण्यात कालवला की हाताला लागत नाही.

पाच मावळे आपण करायचे, बाकीची माती तशीच ठेवायची. आपले पाच पाहून लेकरू पुढचे स्वतः करेल. त्याचा मावळा बेडकासारखा दिसला तरी हसायचं नाही.

या पाचात एक तरी बाई असू द्या. डोक्यावर घागर घेतलेली, जात्यावर बसलेली किंवा घोड्यावर बसलेली. ताराराणींनी १७०० ते १७०७ अशी सात वर्षं औरंगजेबाच्या फौजेशी लढा चालवला. गडावर फक्त पुरुषच होते असं लेकरांना वाटायला नको.

दुसरं काम : पिशवी. पिशवीवर लेकराचं नाव भरतकामानं किंवा रंगानं घाला. घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर दोघांचीही नावं घाला. किल्ला पोरानं करायचा आणि पोरीनं पुढं रांगोळी काढायची, अशी वाटणी बऱ्याच घरांत आपोआप होते. पोरीला चिखलात हात घालू दिला, दगड रचू दिला, 'दरवाजा इथं नको, तिथं हवा' असं ठरवू दिलं, तर ती वाटणी मोडते. आपण बैठकीत ठरावावर बोलायला इतकी वर्षं लाजलो. पोरीला बोलायची सवय अंगणातच लागू द्या.

तिसरं काम : मातीचा अंदाज. हे लेकरासोबत करायचं. आपली काळी माती वाळली की भेगाळते, नुसत्या काळ्या मातीचा किल्ला टिकत नाही. दोन घमेली मुरमाड माती, एक घमेलं काळी, ओंजळभर गव्हाचं भुसकट आणि थोडं शेण. आधी लिंबाएवढा गोळा करून एक दिवस वाळू द्या. फुटला तर मुरूम वाढवा. भुगा झाला तर काळी वाढवा. किती वाढवायचं ते लेकराला ठरवू द्या.

चौथं काम : उभारणी. हे लेकराचं, आपण फक्त जवळ असायचं. दगड-विटांचा ढीग रचायचा. बारदाना पातळ चिखलात बुडवून त्यावर पसरायचा. त्यावर मातीचा लेप. बुरूज, पायऱ्या, तट, पाण्यासाठी पणती किंवा वाटी पुरलेली. दुसऱ्या दिवशी थोडं वाळलं की गेरू आणि रांगोळी.

पाचवं काम : गवत. अळीव भिजवलं की चिकट होतं, म्हणून ते उताराला धरून राहतं. तासभर भिजवून ओल्या मातीवर पसरायचं. सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आठवड्यात डोंगर हिरवा होतो. म्हणून पिशवी वसुबारसेच्या आठ दिवस आधी द्या. दिवाळीच्या दिवशी दिली तर गवत तुळशीच्या लग्नाला उगवेल.

अंगण नसेल तर लुगड्याचा किल्ला

भाड्याच्या खोलीत, शहरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना अंगण कुठलं? त्यांच्यासाठी पिशवीत मातीऐवजी कापड घाला. एक जुनी सुती साडी, मधून कापून दोन तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या चारी कोपऱ्यांना वीतभर नाड्या शिवा. सोबत कपडे वाळत घालायचे बारा चिमटे. बाज, खुर्ची, खिडकीचा गज याला नाड्या बांधल्या की तंबू तयार. पुठ्ठ्याचा दरवाजा, भगवा झेंडा आणि पाच प्रश्नांच्या चिठ्ठ्या इथंही चालतात. साडी आईची किंवा आजीची असेल तर आत बसलेल्या लेकराला तिचा वासही सोबतीला असतो.

नाडी वीतभरच ठेवा. लांब दोरी द्यायची नाही, गळ्यात अडकण्याचा धोका असतो.

हे सांभाळा

- खताचं, कीटकनाशकाचं, सिमेंटचं पोतं कितीही धुतलं तरी वापरायचं नाही. फक्त धान्याचा बारदाना.
- दगड-विटांच्या ढिगात विंचू असतो, कधी सापही. ढीग आधी मोठ्या माणसानं काठीनं हलवायचा, मग लेकरानं हात घालायचा.
- किल्ला गुडघ्याच्या वर नको. त्याहून उंच ढीग कोसळला तर पायावर येतो.
- पेटती पणती किल्ल्यावर ठेवायची तर ओल्या मातीवर आणि आपण समोर असताना. लुगड्याच्या किल्ल्यात पणती, मेणबत्ती, फुलबाजी काहीच नाही. उजेड हवा तर बॅटरी द्या.
- तीन वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर बी आणि मावळे उंचावर ठेवा. ते तोंडात घालतं.
- पणती-वाटीतलं पाणी दिवाळी झाली की ओतून टाका. साचलेल्या पाण्यात डास होतात.

ज्या ताई तोडीला जाणार आहेत त्यांच्यासाठी

आपल्या काही गटांतल्या ताई दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. काहींची लेकरं आजीजवळ गावात राहतात, काहींची सोबत कोपीवर जातात. दिवाळी कुठं होईल हे मुकादमाच्या गाडीवर ठरतं.

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि खाली तान्हं लेकरू. ती कड्यावरून उतरून घरी गेली, असं सांगतात. तिच्या नावाचा बुरूज आजही रायगडावर आहे. प्रत्येक आईला असा कडा उतरून येता येत नाही. कारखाना तीनशे किलोमीटरवर असतो आणि उचल फिटेपर्यंत परत येणं नसतं. त्यात त्या आईचा दोष नाही.

अशा ताईंनी ही पिशवी जाण्याआधी करून आजीच्या हवाली करावी. त्यात एक जास्तीची चिठ्ठी घालावी. लिहिता येत नसेल तर बचत गटातल्या कुणाकडून लिहून घ्यावी: 'तू केलेला किल्ला मला फोनवर दाखव. मला सांग पाणी कुठं साठवलंस.' लेकरू मग दिवसभर आईची वाट बघत बसण्याऐवजी आईला दाखवायचं म्हणून काम करतं. आणि फोनवर 'जेवलास का, अभ्यास केलास का' याच्या पुढं बोलायला दोघांना काहीतरी मिळतं.

ज्यांची लेकरं सोबत जातात त्यांनी लुगड्याची पिशवी न्यावी. ती हलकी असते, गाठोड्यात मावते. कोपीतल्या लेकरालाही चार हात आपली जागा मिळते.

गावात राहणाऱ्या ताईंनी एवढं करावं : शेजारच्या अशा लेकराला किल्ला करताना आपल्या अंगणात बोलवावं.

विकायचं असेल तर हिशोब

बऱ्याच जणी विचारतील, ही पिशवी विकता येईल का? येईल. शहरात लोकांना माती, बारदाना, अळीव एकत्र कुठं मिळेल हे माहीत नसतं. पण आधी हिशोब. खाली दहा पिशव्यांचा हिशोब समजण्यापुरता मांडलाय. भाव धरलेले आहेत, तुमच्या खरेदीचे आकडे घालून पुन्हा मांडा.

शाडू १० किलो : २५० रुपये
बारदाना ५ : १०० रुपये
कागद, पुठ्ठा, डिंक : १०० रुपये
अळीव २५० ग्रॅम : ८० रुपये
मोहरी २५० ग्रॅम : ३० रुपये
गेरू १ किलो : ६० रुपये
रांगोळी २ किलो : ४० रुपये
सुतळी : ६० रुपये
नाडी, दोरा : ५० रुपये
जाण्यायेण्याचा खर्च : १०० रुपये
एकूण : ८७० रुपये

म्हणजे एका पिशवीला ८७ रुपये. आता इथं बहुतेक जणी म्हणतात, 'मग शंभरला विकू, तेरा रुपये सुटले.' थांबा. पिशवी शिवणं, मावळे करणं, रंगवणं, पुड्या बांधणं याला एका पिशवीमागं दोन तास जातात असं धरा. दोन तासांचे तेरा रुपये, म्हणजे तासाला साडेसहा. शेतात खुरपायला कुणी या भावानं बोलावलं तर आपण जाऊ का?

तासाला ४० रुपये धरले तर मजुरीचे ८० रुपये. ८७ आणि ८० मिळून १६७. मोडतोड, न विकलेला माल, फोनचा खर्च यासाठी साधारण १० टक्के म्हणजे १७ रुपये. झाले १८४. म्हणून विक्रीचा भाव २०० च्या खाली उतरवायचा नाही. गिऱ्हाईक घासाघीस करेल. तेव्हा पिशवी उघडून एकेक वस्तू दाखवा. मालाची किंमत कळली की माणूस कमी बोलतो.

साडी घरची, जागा घरची, हात घरचे, म्हणून फुकट असं समजायचं नाही. घरच्या हातांची किंमत आपण वहीत लिहिली नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही.

पहिल्या वर्षी दहाच करा, त्याही ओळखीतल्या मागणीवर. मागणी आल्याशिवाय कर्ज काढून माल भरायचा नाही.

लेकरांना सांगायला थोडी माहिती

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत.

डोंगरावरचा तो गिरिदुर्ग, पाण्यातला तो जलदुर्ग, सपाटीवरचा तो भुईकोट. मराठवाड्यात भुईकोट बरेच आहेत : परांडा, औसा, उदगीर, कंधार. नळदुर्गला तर बोरी नदीवरच्या बांधातच पाणी महाल बांधलाय. तुमच्या गावात पडकी गढी असेल तर तीही दाखवा. वेरूळला शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. किल्ले फक्त सह्याद्रीतच असतात असं आपल्या लेकरांना वाटू नये.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या घरात मुलगी आणि मुलगा यांची खेळणी वेगळी असतात का? ती कोण ठरवतं?
२. मागच्या दिवाळीत खेळण्यांवर आपल्या गटानं मिळून किती खर्च केला? त्यातलं आज काय शिल्लक आहे?
३. आपल्या गटातली कोणती ताई तोडीला जाणार आहे आणि तिच्या लेकराकडं कोण बघणार आहे?
४. आपण विकतो त्या एका वस्तूचा हिशोब आज मजुरी धरून मांडा. भाव बरोबर आहे का?

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

प्रत्येकीनं एक जुनी सुती साडी आणि एक धान्याचा बारदाना धुऊन वाळवून आणायचा. दोघींनी किराणा दुकानात गेरू, अळीव, शाडूचा भाव विचारून वहीत लिहायचा. बैठकीत सगळ्या मिळून एक नमुना पिशवी करू. ती कुणाच्या लेकराला द्यायची हे गटानं ठरवायचं. माझं म्हणणं एवढंच की, या दिवाळीत ज्याची आई घरी नसेल त्याचा विचार आधी व्हावा.

आपली क्षेत्र समन्वयक